विजेत्यांची नावं कळली, आता त्यांच्या कविता जाहीर करा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य, संयोजन समिती,
तसेच मा. परीक्षक,
हौशी कवींची काव्यस्पर्धा

विषय : विजेत्या कविता मूळ स्वरूपात आणि परीक्षकांच्या अभिप्रायासह जाहीर करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

तुमच्या यंदाच्या काव्यस्पर्धेत मला दुसरा क्रमांक मिळाला. त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. आभार आधीच मानते आहे, कारण पुढचं वाचताना ही बक्षीस हुकलेल्या बाईची चिडचिड आहे असं कुणाला वाटू नये. मला बक्षीस मिळालं आहे. ज्या कवितेला ते मिळालं ती मात्र मी लिहिली तशी अजून कुणाच्याही वाचनात आलेली नाही.

निकालाच्या दिवशी तुम्ही आमची नावं लावलीत, छायाचित्रं लावलीत. कुणाच्या हस्ते काय दिलं गेलं, कुणाचं सहकार्य लाभलं, एकूण प्रवेशिका किती आल्या, हे सगळं लिहिलंत. कवितेची एक ओळ त्यात नव्हती. काहींच्या कवितांची शीर्षकंसुद्धा नव्हती. चित्रकलेच्या स्पर्धेनंतर भिंतीवर चित्रकारांच्या नावाच्या पट्ट्या लावाव्यात आणि चित्रं कपाटात ठेवावीत, तसं हे झालं. मी समितीला लिहून विचारलं. उत्तर आलं की कविता संग्रहात येणारच आहेत, थोडा धीर धरा. मी धीर धरला. संग्रह आला, आणि तो पाहिल्यावर खासगीत विचारत राहण्यात मला अर्थ दिसेना. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. ते तुम्हाला उद्देशून आहे, पण ज्यांनी यंदा प्रवेशिका पाठवल्या आणि जे पुढच्या वर्षी पाठवतील, त्या सगळ्यांनी ते वाचावं अशी माझी इच्छा आहे.

हौशी कवीला स्पर्धेतून काय हवं असतं, ते आधी सांगते. आमच्यापैकी कुणाचं पोट कवितेवर चालत नाही. कामावरून आल्यावर, घरातलं आवरल्यावर, मुलं झोपल्यावर जो वेळ उरतो त्यात आम्ही लिहितो. ज्यांचे संग्रह निघतात, ज्यांच्याकडे दिवाळी अंक कविता मागतात, त्यांना वाचकापर्यंत जायला वाटा असतात. आम्हाला घरचे दोघे-तिघे आणि फोनवरचा एखादा गट, एवढेच वाचक. ते आपले असतात, त्यामुळे ‘छान’च्या पलीकडे फारसं काही म्हणत नाहीत. स्पर्धेत कविता पाठवणं म्हणजे आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाने ती लक्ष देऊन वाचावी, अशी विनंती करणं. आमच्यातल्या पुष्कळांसाठी ती आयुष्यातली पहिलीच अशी विनंती असते. मानचिन्ह घरात ठेवता येतं, त्याचा आनंदही होतो. पण दुसरा क्रमांक आला असं मी कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : कुठे वाचायला मिळेल? त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

याहून गंभीर गोष्ट पहिल्या क्रमांकाची आहे. ती मुलगी अजून शिकते आहे. निकाल लागला त्या संध्याकाळपासून कुजबुज सुरू झाली. ती कुणाची विद्यार्थिनी, तिची कुणाशी ओळख, या वयात असं लिहिणं जमतं का, कुणी लिहून तर दिलं नाही ना. अशी कुजबुज कुठल्याही स्पर्धेनंतर होते आणि ती थांबवण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे कविता सगळ्यांसमोर ठेवणं. समारंभाच्या दिवशी आम्ही शेजारी बसलो होतो, तेव्हा तिने मला वही उघडून तिची कविता वाचायला दिली. ती कविता पहिल्या क्रमांकाचीच आहे. माझ्या कवितेपेक्षा ती सरस आहे, आणि हे दुसऱ्या क्रमांकाची कवयित्री लिहिते आहे. पण माझ्या शब्दावर कुणी का विश्वास ठेवावा? लोकांनी वाचून स्वतः ठरवायला हवं. तिच्या बाजूने बोलू शकेल अशी एकच गोष्ट आहे, ती तुमच्या ताब्यात आहे, आणि तुम्ही ती बाहेर काढत नाही.

मराठीत याच्या उलट घडलेलं उदाहरण सगळ्यांना ठाऊक असावं. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते. तिथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या, सतराच्या आसपास वय असलेल्या मुलाने आपली कविता म्हटली आणि कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. आज मूळ नाव सांगितलं तर अनेकांना क्षणभर आठवावं लागतं, इतकी ती पदवी रुजली. त्या सभेत ज्याने पदवी ऐकली त्याने त्याआधी कविता ऐकली होती. क्रम तोच असायला हवा. तुमच्या स्पर्धेत आम्हाला पदवी मिळाली आणि कविता मागे राहिली.

समारंभाबद्दल एवढंच लिहिते. विजेत्यांचं कवितावाचन होईल असं निमंत्रणपत्रिकेत छापलं होतं. स्वागत, प्रास्ताविक, मान्यवरांची मनोगतं आणि सत्कार यांत वेळ गेला आणि सूत्रसंचालकांनी वेळेअभावी वाचन रद्द झाल्याचं जाहीर केलं. आम्ही ओळीने व्यासपीठावर गेलो, मानचिन्हं घेतली, छायाचित्रासाठी थांबलो आणि उतरलो. तिसऱ्या क्रमांकाचे काका निवृत्त आहेत. त्यांनी कविता पाठ करून आणली होती. त्यांच्या घरची माणसं ती ऐकायला आली होती.

जपानच्या राजवाड्यात नव्या वर्षाच्या सुरुवातीला काव्यवाचनाचा सोहळा होतो, त्याला ‘उताकाई हाजिमे’ म्हणतात. वर्षासाठी एक विषय देतात आणि त्यावर कोणीही माणूस एक तांका पाठवू शकतो. पाच, सात, पाच, सात, सात अशा एकतीस मात्रांची ती छोटी रचना. सामान्य लोकांकडून रचना स्वीकारायला १८७४ साली सुरुवात झाली आणि १८७९पासून त्यांतल्या निवडक रचना त्या सोहळ्यात म्हटल्या जाऊ लागल्या. आता दहा रचना निवडतात. त्या दहाही जणांची कविता तिथे संपूर्ण म्हटली जाते, आणि क्रम असा की आधी लोकांच्या कविता, मग राजघराण्यातल्या, सर्वांत शेवटी सम्राटांची. तेवढा थाट कुणालाच जमणार नाही, आणि मी तो मागतही नाही. पण ज्याची कविता निवडली तिचं वाचन हा कार्यक्रमाचा गाभा असतो, ते उरलेल्या वेळात उरकण्याचं काम नसतं, एवढं तरी आपल्याला घेता येईल. तुमच्या समारंभात सहा विजेत्यांच्या कविता वाचायला जेवढा वेळ लागला असता, त्यापेक्षा जास्त वेळ एकट्या प्रास्ताविकाला लागला.

आता संग्रहाबद्दल. इथे मला सविस्तर लिहावं लागेल, कारण सर्वांत मोठं नुकसान इथे झालं आहे आणि समितीला ते नुकसान वाटतच नाही, असं मला मिळालेल्या उत्तरावरून दिसलं.

माझी कविता मुक्तछंदात आहे. वडिलांचं ऐकू येणं कमी कमी होत गेलं, त्याबद्दलची. नवव्या ओळीनंतर मी एक ओळ कोरी सोडली होती. नवव्या ओळीत त्यांना मारलेली हाक आहे आणि कोऱ्या जागेनंतर ते वेगळंच काही बोलू लागतात. मधली मोकळी जागा म्हणजे त्यांच्यापर्यंत न पोचलेली हाक. संग्रहात ती जागा नाही. पानजुळणी करताना ओळी वर सरकवल्या आहेत. हाक आणि बोलणं लागोपाठ आल्यामुळे वडिलांना हाक ऐकू आली आणि त्यांनी उत्तर दिलं, असा अर्थ होतो. माझ्या कवितेत जे घडतं त्याच्या नेमकं उलट छापून आलं आहे. हे कळवल्यावर मला सांगण्यात आलं की शब्द एकही बदललेला नाही. खरंच, शब्द बदललेला नाही. पण मुक्तछंदात वृत्ताची चौकट नसते, म्हणून ओळ कुठे तोडायची आणि कुठे थांबायचं यावरच लय आणि अर्थ उभे असतात. त्या जागा कवीने ठरवलेल्या असतात. त्या बदलणं म्हणजे कविता बदलणं.

तिसऱ्या क्रमांकाची रचना मोठ्या अभंगाच्या छंदात आहे. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी यमक. संग्रहात चारही चरण एका ओळीत, मध्ये स्वल्पविराम घालून, गद्यासारखे छापले आहेत. यमक ओळीच्या पोटात हरवलं आहे.

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालेल्या एका गझलेचा शेवटचा शेर पानात बसेना म्हणून गाळला आहे. गझलेतला प्रत्येक शेर अर्थाच्या दृष्टीने स्वतंत्र असतो, तेव्हा एक काढला तर काय बिघडलं, असं कुणाला वाटलं असावं. तो मक्ता होता. त्यात कवीने आपलं टोपणनाव गुंफलं होतं. कवीने आपल्या रचनेत केलेली सही कापली गेली. शिवाय गझल पाच शेरांची होती, ती चार शेरांची उरली, आणि पाचाहून कमी शेर असतील तर जाणकार ती गझल पूर्ण मानत नाहीत. उद्या असा एखादा जाणकार संग्रह उघडेल तेव्हा तो म्हणेल, या माणसाला गझलेचं तंत्र अवगत नाही. पानाची सोय झाली आणि दोष कवीच्या माथी आला.

सर्वांत जास्त वाईट वाटलं ते पहिल्या क्रमांकाच्या कवितेचं. ती भुजंगप्रयात वृत्तात आहे. प्रत्येक चरणात बारा अक्षरं, चार ‘य’ गण, म्हणजे एक लघु आणि दोन गुरू असं चार वेळा. आजकाल या वयाच्या मुली-मुलांत वृत्तात लिहिणारे थोडे, आणि इतकं सहज लिहिणारे त्याहून थोडे. तिच्या ओळी मी इथे देत नाही, त्या जाहीर करण्याचा हक्क तिचा आहे. समजण्यापुरती माझी एक ओळ घ्या : ‘तु ये ना कधी या रिकाम्या घराशी’. इथे ‘तु’ मुद्दाम ऱ्हस्व लिहिला आहे. मुद्रितशोधकांनी नियमाप्रमाणे तो ‘तू’ केला की चरणाचं पहिलंच अक्षर गुरू होतं आणि ओळ म्हणणारा तिथेच अडखळतो. तिच्या कवितेत अशा ‘दुरुस्त्या’ जागोजागी आहेत. आता वाचणाऱ्याला काय वाटेल? हिला वृत्त सांभाळता येत नाही, तरी हिला पहिला क्रमांक दिला. कुजबुज करणाऱ्यांच्या हाती संग्रहाने पुरावा दिला आहे, आणि तो पुरावा खोटा आहे. तिच्या वहीत प्रत्येक चरण चोख आहे.

शुद्धलेखनाच्या नियमांशी माझं भांडण नाही. मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली त्यांत भर घातली. पद्यात वृत्ताचं बंधन पाळताना ऱ्हस्व-दीर्घाचे नियम काटेकोरपणे पाळता येत नसतील तर कवीला तेवढ्यापुरतं स्वातंत्र्य असावं, असं त्याच नियमांत म्हटलं आहे. म्हणजे ज्या नियमांच्या आधारे तिच्या ओळी बदलल्या, त्या नियमांनीच तिला मोकळीक दिली होती. मुद्रितशोधकांना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर मजकूर आला आणि त्यांनी आपलं काम केलं. ही वृत्तबद्ध कविता आहे, हात लावण्याआधी कवयित्रीला विचारा, हे त्यांना सांगण्याची जबाबदारी समितीची होती. छापण्याआधी मुद्रितं कुणालाही दाखवली नाहीत. एका ईमेलने हे सगळं टळलं असतं.

या संग्रहासाठी आमच्याकडून सहभाग शुल्क घेतलं गेलं आणि ठरावीक प्रती विकत घेणं बंधनकारक होतं. विजेत्यांनाही. प्रवेशिका पाठवलेल्या जवळजवळ प्रत्येकाला ‘आपल्या कवितेची निवड झाली आहे’ असं पत्र गेलं आहे, हे आम्ही एकमेकांशी बोललो तेव्हा कळलं. कविता आडनावांच्या क्रमाने छापल्या आहेत आणि कोणती कविता विजेती, याचा उल्लेख कुठेच नाही. संस्थेला छपाईचा खर्च असतो, हे मला समजतं. ज्याला हवा त्याने संग्रह विकत घ्यावा, त्यालाही हरकत नाही. पण जिंकलेली कविता छापून यावी म्हणून कवीनेच पैसे भरायचे आणि प्रतीही कवीनेच घ्यायच्या, हे स्पर्धेच्या सूचनांत आधी स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. ते लिहिलं असतं तर अनेकांनी वेगळा निर्णय घेतला असता.

प्रवेशिकेच्या तळाशी मात्र एक वाक्य होतं : कवितेचे सर्व हक्क संयोजकांकडे राहतील. समितीतल्या एकांनी मला हेच वाक्य दाखवलं आणि म्हणून बदल करता येतात असं सांगितलं. साहित्यकृतींच्या संरक्षणाचा बर्न करार १८८६ सालचा आहे. १९२८ साली रोममध्ये त्यात जी सुधारणा झाली तिने लेखकाचे नैतिक हक्क मान्य केले. आर्थिक हक्क दुसऱ्याला दिले तरी कृतीवर आपलं नाव सांगण्याचा, आणि आपल्या सन्मानाला किंवा लौकिकाला बाधा आणणाऱ्या मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. ती सुधारणा होऊन नव्वदहून अधिक वर्षं झाली. मला कुणावर खटला भरायचा नाही. पण एका वाक्याने आमच्या कविता वाटेल तशा बदलण्याची मुभा मिळते, हा समज समितीने सोडून द्यावा.

मा. परीक्षक, आता थोडं तुमच्याशी. तुमच्या वाचनाबद्दल मला आदर आहे, आणि निकालाबद्दल माझी तक्रार नाही हे वर लिहिलंच आहे. पण आमच्या कवितांबद्दल तुम्हाला काय वाटलं, हे आम्हाला कळलेलं नाही. तिघांनी स्वतंत्रपणे गुण दिले, त्यांची बेरीज झाली, निकाल लागला, असं सांगतात. तुम्ही एकत्र बसून बोललात का? बेरजेत एक अडचण असते. एखाद्या कवितेला नऊ, चार आणि आठ मिळाले आणि दुसरीला सात, सात, सात, तर दोन्हींची बेरीज एकवीसच. पहिल्या कवितेने कुणाला तरी हलवलं आहे आणि कुणाला तरी खटकली आहे. दुसरी सगळ्यांना ठीक वाटली आहे. या दोन कविता सारख्या नाहीत. नऊ देणाऱ्याने चार देणाऱ्याला आपलं म्हणणं सांगितलं आणि त्याचंही ऐकलं, की खरं परीक्षण सुरू होतं. ते झालं असेल तर आम्हाला वाचायला आवडेल. झालं नसेल तर पुढच्या वेळी व्हावं.

वेल्समध्ये ‘आइस्तेदवॉद’ हा काव्यमहोत्सव होतो. तिथे कवी टोपणनावाने रचना पाठवतात आणि खरं नाव वेगळ्या बंद पाकिटात असतं. परीक्षकांचा अभिप्राय आधी व्यासपीठावरून वाचून दाखवतात, मग ते टोपणनाव पुकारतात, आणि ज्याचं ते आहे तो प्रेक्षकांतून उभा राहतो. विजेत्या रचना आणि परीक्षकांचे अभिप्राय दर वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध होतात. एकही रचना योग्यतेची नसेल तर बक्षीस राखून ठेवतात आणि तसं का, तेही सांगतात. १९१७ साली बर्कनहेडला ‘फ्लर द ली’ या टोपणनावाने आलेली रचना पहिली ठरली. नाव पुकारलं गेलं, कुणी उभं राहिलं नाही. तो कवी, एलिस हम्फ्री एव्हान्स, हेद विन या नावाने लिहिणारा शेतकऱ्याचा मुलगा, ३१ जुलै रोजी युद्धात मारला गेला होता. विजेत्याला द्यायची खुर्ची काळ्या कापडाने झाकण्यात आली. सत्कार करायला माणूस नव्हता, छायाचित्र काढायला कुणी नव्हतं. तरीही त्याचं जिंकणं पूर्ण होतं, कारण रचना होती, अभिप्राय होता आणि दोन्ही लोकांसमोर होते.

आपल्या स्पर्धेत प्रवेशिकेच्या त्याच कागदावर वर छायाचित्र, नाव, वय, शिक्षण आणि खाली कविता होती. परीक्षकांना कागद तसाच दिला गेला की नाव झाकून, हे कुठेही लिहिलेलं नाही. नाव झाकणं हे परीक्षकांवर अविश्वास दाखवणं नव्हे. त्याने परीक्षकांचं आणि विजेत्याचं दोघांचंही संरक्षण होतं. शिवाय समितीतली माणसं, त्यांचे कुटुंबीय, परीक्षकांचे विद्यार्थी यांना भाग घेता येतो की नाही, याबद्दलही सूचनांत एक अक्षर नाही. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये कलास्पर्धा सुरू झाल्या, त्यांत साहित्याचं पहिलं सुवर्णपदक खेळावरच्या एका स्तोत्राला मिळालं. ते दोन टोपणनावांखाली पाठवलं होतं आणि लिहिणारे होते ऑलिंपिक चळवळीचे प्रवर्तक पिअर द कुबेर्तँ. नाव झाकलेलं होतं, तरी या गोष्टीची चर्चा शंभर वर्षांनंतरही होते. म्हणून नाव झाकण्याबरोबर कुणी भाग घ्यायचा नाही, हेही आधी ठरवावं लागतं.

ऑनलाइन पसंतीचे गुण अंतिम निकालात धरले गेले, असंही ऐकते आहे. खरं असेल तर किती धरले ते सांगा आणि पुढच्या वर्षी धरू नका. ज्याच्या ओळखी जास्त त्याला पसंत्या जास्त. हौशी माणसाला तिथे पहिल्यापासून मागेच राहावं लागतं.

माझ्या मागण्या अशा :

सहाही विजेत्या कविता, कवींनी पाठवल्या तशा, निकालाची यादी जिथे लावली आहे तिथेच संपूर्ण लावा. लावण्याआधी प्रत्येकाला मुद्रित दाखवा आणि त्याची लेखी संमती घ्या. ज्याला आपली कविता तिथे नको असेल त्याची लावू नका.

संग्रहात झालेल्या बदलांचं शुद्धिपत्र काढा आणि विकल्या गेलेल्या व शिल्लक असलेल्या प्रत्येक प्रतीबरोबर ते द्या. त्यात भुजंगप्रयातातल्या कवितेतले बदल कवयित्रीचे नाहीत, हे वाक्य स्पष्ट असावं. ही मागणी माझ्या लेखी सर्वांत तातडीची आहे. गाळलेला शेर आणि मोडलेला अभंग या पत्रकात पूर्ण छापा.

प्रत्येक विजेत्या कवितेवर परीक्षकांनी चार-पाच ओळींचा अभिप्राय द्यावा. प्रतिकूल असला तरी चालेल, आम्हाला तोही हवा आहे.

विजेत्यांकडून घेतलेलं सहभाग शुल्क परत करा. ज्यांना हे पैसे संस्थेला देणगी म्हणून ठेवायचे आहेत ते तसं कळवतील.

पुढच्या वर्षीच्या सूचनांत चार गोष्टी लिहा : प्रवेशिकेवर नाव नसेल आणि ते वेगळ्या पाकिटात असेल, समिती व परीक्षक यांच्या जवळच्या माणसांना भाग घेता येणार नाही, हक्क कवीकडे राहतील आणि संस्थेला फक्त प्रसिद्धीची परवानगी असेल, पैसे भरावे लागणार असतील तर ते कशासाठी आणि कधी.

आणि काकांचा अभंग एकदा त्यांच्या तोंडून ऐकण्याची व्यवस्था करा. वेगळा समारंभ नको. संस्थेच्या पुढच्या कोणत्याही कार्यक्रमात सुरुवातीला पाच मिनिटं पुरतील, मात्र ती सुरुवातीलाच द्या.

या पत्राचं उत्तर मला वैयक्तिक पाठवू नये. निकाल जसा जाहीर केलात तसंच तेही जाहीर करावं. माझी कविता मूळ स्वरूपात सोबत पुन्हा जोडते आहे. नवव्या ओळीनंतर एक ओळ कोरी आहे, ती तशीच ठेवावी.

आपली,
द्वितीय क्रमांकाची विजेती